फिंगरस्टाइल गिटार

फिंगरस्टाइल गिटार : पिक (तारा छेडण्याची छोटी पट्टी) न वापरता उजव्या हाताच्या बोटांनी गिटारच्या तारा स्वतंत्रपणे छेडून खर्ज, कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) आणि चाल ही तिन्ही अंगे एकाच वाद्यावर एकाच वेळी वाजवण्याची पद्धती, तसेच या पद्धतीतून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आलेला एकल वादनाचा प्रकार. बोलण्यात हे दोन अर्थ सर्रास एकमेकांत मिसळतात. निव्वळ बोटांनी वाजवणे हा निकष धरला, तर सोळाव्या शतकातील विहुएला या गिटारसदृश स्पॅनिश वाद्यापासून अभिजात गिटार व फ्लामेंकोपर्यंत सारेच या सदरात येईल. मात्र त्या परंपरांना कोणी फिंगरस्टाइल म्हणत नाही. गायकाने गाताना बोटांनी धरलेली साथ हीदेखील पद्धतीच, प्रकार नव्हे.

काही अभ्यासक फिंगरस्टाइलला स्वतंत्र प्रकार मानायलाच तयार नसतात. ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांचे लोकसंगीत), रॅगटाइम (ठेक्याला बगल देणाऱ्या चालींचे अमेरिकन पियानोसंगीत), केल्टिक (आयर्लंड-स्कॉटलंडकडचे) अशा भिन्न संगीतांत ती आढळते, असा त्यांचा आक्षेप आहे. तो रास्त असला, तरी पोलादी तारांची अकूस्टिक गिटार, गायनाविना स्वयंपूर्ण रचना आणि बहुधा वादक हाच रचनाकार ही तीन लक्षणे एकत्र घेतली, की बरेचसे चित्र स्पष्ट होते. कॅन्सस राज्यातील विनफिल्ड येथे १९७२ पासून भरणाऱ्या वॉलनट व्हॅली महोत्सवात पिकने वाजवणाऱ्यांची आणि फिंगरस्टाइलची स्पर्धा वेगवेगळी घेतली जाते. वादकांच्या लेखी भेद रुजलेला आहे, असे यावरून म्हणता येते.

उजव्या हाताच्या बोटांना अभिजात गिटारची स्पॅनिश आद्याक्षरेच लावतात : पी (अंगठा), आय (तर्जनी), एम (मध्यमा), ए (अनामिका). सर्वसाधारणपणे अंगठ्याकडे सहावी, पाचवी व चौथी या खर्जाच्या तारा आणि उरलेल्या बोटांकडे वरच्या तीन तारा असतात. या प्रकाराचा कणा म्हणजे अंगठ्याचा आलटता खर्ज. सी मेजर कॉर्ड धरली, की चार मात्रांत अंगठा अनुक्रमे पाचवी तार (सी), चौथी (ई), सहावी (तिसऱ्या पडद्यावर दाबलेला जी) आणि पुन्हा चौथी छेडतो. ही चाल घड्याळाच्या लंबकासारखी सुटी व अखंड राहते. चालीचे स्वर तर्जनी-मध्यमा कधी मात्रेवर अंगठ्याबरोबर चिमटीने उचलतात, तर कधी दोन मात्रांच्या मधल्या फटीत टाकतात. तळहाताची कड घोडीजवळ हलकेच टेकवली, की खर्ज दबका होऊन ठेक्यासारखा वाजतो. अंगठा स्वतःच्या चालीने चालू लागेपर्यंत वरची बोटे सुटत नाहीत, म्हणून नवशिक्याला आठवडेच्या आठवडे नुसता अंगठाच घोटावा लागतो.

आलटत्या खर्जाच्या उगमाबद्दल एकमत नाही. एका मतानुसार त्याचे मूळ बँजोत आहे. पाच तारी बँजोच्या आखूड पाचव्या तारेवर अंगठा सतत एकच स्वर धरतो. पश्चिम आफ्रिकेतील जोला लोकांच्या अकोंटिंग या वाद्यातही अंगठ्याचे काम असेच आहे. गुलामगिरीतून अमेरिकेत आलेल्या लोकांची ही बोटे पुढे गिटारवर उतरली, असे हे मत मांडते. दुसऱ्या मतानुसार हा रॅगटाइम पियानोवर खर्ज व कॉर्ड आलटून पालटून वाजवणाऱ्या डाव्या हाताचा अनुवाद आहे. तिसरे मत एकोणिसाव्या शतकातील बैठकीच्या खोलीतल्या गिटारवादनाकडे बोट दाखवते. सिनसिनाटीचे हेन्री वॉरल यांच्या ‘स्पॅनिश फँडँगो’ व ‘सेबास्टोपोल’ या १८६० च्या सुमारास छापलेल्या रचना शिकाऊ वादकांत फार लोकप्रिय होत्या. पहिली ओपन जी आणि दुसरी ओपन डी या स्वरमेळात (मोकळ्या तारांतूनच जी किंवा डी कॉर्ड वाजेल अशा जुळणीत) आहे. पुढे ब्लूज वादक याच दोन स्वरमेळांना ‘स्पॅनिश’ व ‘व्हेस्टापोल’ म्हणत. क्रिमियन युद्धात वेढा पडलेल्या शहराचे नाव मिसिसिपीच्या शेतमजुरांच्या तोंडी असे अपभ्रंश होऊन राहावे, हा पुरावा सहज झटकण्याजोगा नाही. स्वरमेळ छापील पुस्तकांतून आणि अंगठ्याची सवय बँजोतून आली असावी, असा मेळ अधिक संभाव्य वाटतो. पियानोचा प्रभाव त्यावर नंतर चढलेला दिसतो.

केंटकीतील म्युलेनबर्ग परगण्याचा दाखला असाच वादाचा आहे. मर्ल ट्रॅव्हिस (१९१७–१९८३) यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘ट्रॅव्हिस पिकिंग’ त्यांनी आइक एव्हर्ली व मोझ रेगर या खाणकामगार वादकांकडून उचलले. त्या दोघांमागे केनेडी जोन्स आणि त्याही मागे कृष्णवर्णीय वादक अर्नोल्ड शुल्ट्झ (१८८६–१९३१) यांचे नाव घेतले जाते. शुल्ट्झ यांचे एकही ध्वनिमुद्रण नाही. सारी भिस्त ऐकणाऱ्यांच्या आठवणींवर आहे. ट्रॅव्हिस अंगठा व तर्जनी एवढ्यांवरच वाजवत. त्यांना रेडिओवर ऐकणाऱ्या चेट ॲटकिन्स (१९२४–२००१) यांनी अधिक बोटे असावीत असे गृहीत धरले आणि अंगठ्याबरोबर आणखी बोटांची स्वतःची रीत बसवली. ऐकण्यातल्या चुकीतून एक घराणेच उभे राहिले म्हणायचे.

नॉर्थ कॅरोलायनातील एलिझाबेथ कॉटन (१८९३–१९८७) यांचे वादन नियमाला अपवाद आहे. त्या डावखुऱ्या होत्या आणि तारा न बदलता गिटार उलटी धरत. त्यामुळे खर्ज बोटांकडे आणि चाल अंगठ्याकडे गेली. पीडमाँट या आग्नेय अमेरिकेतील ब्लूज शैलीचे रेव्हरंड गॅरी डेव्हिस हेही अंगठा-तर्जनीचेच वादक. मिसिसिपी जॉन हर्ट यांनी १९२८ मध्ये ध्वनिमुद्रणे केली, पण ते विस्मृतीत गेले आणि १९६३ मध्ये ॲव्हलॉन गावात पुन्हा सापडले.

एकल प्रकार म्हणून फिंगरस्टाइलचा आरंभ बहुधा जॉन फेही (१९३९–२००१) यांच्यापासून धरतात. त्यांनी १९५९ मध्ये टाकोमा ही ध्वनिमुद्रण संस्था काढली. त्यांच्या वर्तुळातील रॉबी बाशो यांच्यावर अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाचा गाढ प्रभाव होता. या दोघांच्या काही रचनांच्या नावांत ‘राग’ शब्द येतो. रागाची चौकट मात्र त्यांत शोधू नये. इंग्लंडमध्ये डेव्ही ग्रॅहम यांनी डी-ए-डी-जी-ए-डी हा स्वरमेळ रूढ केला. डी ला षड्ज मानल्यास तो सा-प-सा-म-प-सा असा होतो. गंधारच नसल्याने तो मेजरही नाही आणि मायनरही नाही; तंबोऱ्याच्या सवयीच्या कानाला तो लगेच ओळखीचा वाटतो. विल्यम ॲकरमन यांच्या विंडहॅम हिल (१९७६) या संस्थेकडून मायकेल हेजेस यांचे ‘एरियल बाउंडरीज’ १९८४ मध्ये आले. पडद्यांवर दोन्ही हातांनी टकटक करणे आणि गिटारच्या पेटीवर थापा मारणे हे प्रकार त्यानंतर फोफावले. २००६ पासून यूट्यूबवर गाजलेले अँडी मकी याच वाटेचे.

भारतात गिटारचे हिंदुस्थानी रूप ब्रिजभूषण काब्रा व विश्वमोहन भट्ट यांनी घडवले. तेथेही उजव्या हाताच्या बोटांत नख्या असतात, पण डावा हात तारांवर धातूची कांडी सरकवतो. त्यामुळे ते वादन हवाईयन गिटारच्या कुळात मोडते. हिंदी-मराठी चित्रगीते वाजवणाऱ्या जुन्या हवाईयन गिटारवादकांनाही याच कारणाने या नोंदीत धरलेले नाही.

लेखनासाठी टॅब्लेचर ही पद्धत प्रचारात आहे. सहा रेघा म्हणजे सहा तारा आणि त्यांवरील आकडे म्हणजे पडदे. काळजीपूर्वक छापलेल्या प्रतींत अंगठ्याच्या स्वरांचे दांडे खाली आणि बोटांच्या स्वरांचे वर काढतात.