सूक्ष्म काळजीसेवा (इंग्लंड)

सूक्ष्म काळजीसेवा : वृद्ध, अपंग किंवा दीर्घ आजारी माणसांना त्यांच्याच घरी वा वस्तीत मदत पुरवणारा अगदी लहान, स्वतंत्र व्यवसाय. मनुष्यबळ पाच पूर्णवेळ माणसांपुरते किंवा त्याहून कमी असेल, तर तो व्यवसाय सहसा या प्रकारात धरतात. पुष्कळदा एकच व्यक्ती सगळे सांभाळते.

याची मुळे अपंगांच्या चळवळीत आहेत. १९८० च्या सुमारास हॅम्पशरमधील ल कोर्ट या निवासी संस्थेतील काही रहिवाशांनी ‘संस्थेत आमच्यावर होणारा खर्च आमच्या हाती द्या, आम्ही आमची माणसे नेमून स्वतंत्र राहू’ अशी मागणी लावून धरली. असे पैसे थेट देण्याची मुभा स्थानिक परिषदांना १९९६ च्या कायद्याने मिळाली. २००० साली ६५ वर्षांवरील लोकही त्यात आले. सेवांमध्ये वैविध्य राखण्याची जबाबदारी २०१४ च्या ‘केअर ॲक्ट’ने परिषदांवर टाकली. त्याच वर्षी सॉमरसेट परगण्यात ‘कम्युनिटी कॅटॅलिस्ट्स’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावी अशा सेवा उभ्या करण्याचे काम सुरू झाले.

या सेवेचा खरा आधार म्हणजे रोज येणारा ओळखीचा माणूस. सेवक पाठवणाऱ्या एजन्सीच्या धावत्या भेटीत आंघोळ, औषध, नोंद एवढेच उरकते, आणि उद्या कोण येईल याचा भरवसा नसतो. इथे वेळ आणि काम सेवक व गरजू माणूस दोघे मिळून ठरवतात. म्हाताऱ्या बाईंचा डावा हात आखडलेला असेल, तर स्वेटरची बाही आधी त्याच हातात चढवायची, हे सेविकेला सांगावे लागत नाही. कपडे झाले की दोघी बाजारालाही जाऊन येतात. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या २०१५ मधील अभ्यासातही मोठ्या संस्थांपेक्षा या सेवा व्यक्तीच्या गरजेला अधिक जुळणाऱ्या आढळल्या, त्याही जास्त खर्च न होता.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. सेवक आजारी पडला तर बदली कोण? काही भागांत शेजारचे सेवक एकमेकांची कामे सांभाळतात. स्वयंरोजगार असल्याने पगारी रजा नसते. देखरेखीचा प्रश्न तर अधिक नाजूक आहे. आंघोळ घालणे, भरवणे यांसारखी शारीरिक काळजी देणाऱ्या संस्थेला ‘केअर क्वालिटी कमिशन’ या काळजीसेवांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे नोंदणी सक्तीची आहे, पण गरजू व्यक्तीने किंवा तिच्या नातलगाने स्वतः नेमलेला आणि त्यांच्याच सांगण्यानुसार काम करणारा एकटा सेवक त्यातून सुटतो. त्यामुळे त्याची पार्श्वभूमी, प्रशिक्षण आणि विमा तपासण्याचा भार बराचसा कुटुंबावर येतो, आणि जवळचे कोणी नसलेल्या माणसाला तो सर्वांत जड जातो.