बॅकअप हे कुणाचं काम? लहान व्यवसायांसमोरच्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

8 मार्च 1983 रोजी आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक जाहीर केला. त्यात 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क आतच बसवलेली होती. तोवर लहान व्यवसायांचे संगणक बहुतकरून फ्लॉपीवर चालत. हिशेबाची एक फ्लॉपी, ग्राहकांच्या यादीची दुसरी, आणि कुणी जपून वागणारं असलं तर प्रत्येकीची एकेक नक्कल कपाटात. आता सगळा व्यवसाय एका बंद डब्यात जाऊन बसला. सोबत आलेल्या डॉस 2.0 या कार्यप्रणालीत बॅकअप आणि रिस्टोअर अशा दोन आज्ञा होत्या. पण भरलेली हार्ड डिस्क 360 किलोबाइटच्या फ्लॉप्यांवर उतरवायची तर जवळजवळ 30 फ्लॉप्या लागत. पडद्यावर सूचना येईल तशी एक काढायची, पुढची घालायची, प्रत्येकीवर क्रमांक लिहायचा. कामकाजाचा दिवस संपल्यावर कुणीतरी थांबून हे करायचं, आणि नेमाने करायचं.

ते कोण करणार होतं, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. लहान व्यवसायांच्या बॅकअपची आजची बहुतेक दुखणी याच प्रश्नातून निघाली आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या कंपन्यांत संगणक शिरला तेव्हा त्याच्याबरोबर त्याला सांभाळणारी माणसं आली, त्यांच्या पाळ्या आणि नोंदवह्या आल्या. लहान व्यवसायाच्या वाट्याला नुसतं यंत्र आलं.

त्या मोठ्या संगणकगृहांत काय चालायचं ते नीट पाहायला हवं, कारण बॅकअपच्या बहुतेक चांगल्या सवयी तिथे जन्मल्या. 1951 च्या युनिव्हॅक या संगणकाने आणि 1952 मध्ये आलेल्या आयबीएमच्या 726 या यंत्राने चुंबकीय टेप व्यवहारात आणली. टेपवरच्या नोंदी अधूनमधून खोडून तिथेच दुरुस्त करणं सोयीचं नव्हतं. म्हणून पगाराचं किंवा मालसाठ्याचं काम असं होई: कालची मुख्य टेप एका यंत्रावर, आजच्या व्यवहारांची टेप दुसऱ्यावर, आणि दोन्ही वाचून तिसऱ्या टेपवर नवी मुख्य टेप लिहिली जाई. काम संपलं की कालची टेप जशीच्या तशी हातात उरे. तिच्या आधीचीही फडताळात असेच. या तीन पिढ्यांना आजोबा, वडील, मुलगा असं नाव पडलं. मुलगा बिघडला तर वडील आणि त्या दिवसाचे व्यवहार घेऊन तेच काम पुन्हा चालवायचं. मुद्दाम वेगळी प्रत काढावी लागत नव्हती. रोजच्या कामातून ती आपोआप उरत होती.

या टेपांची आणखी एक खोड कौतुकाची होती. टेपच्या रिळाच्या मागच्या बाजूला प्लास्टिकचं एक कडं बसवायचं असे. कडं असेल तरच यंत्र त्या टेपवर लिहू शके. जपायच्या टेपचं कडं काढून ठेवलं की चुकीची आज्ञा देऊनही ती पुसली जात नसे. ही साधी गोष्ट लक्षात असू द्यावी, कारण साठ वर्षांनी ती वेगळ्या रूपात परत आली.

1956 मध्ये आयबीएमचं रॅमॅक हे डिस्कवर माहिती साठवणारं यंत्र आलं. दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या आणि त्यांवर 50 लाख अक्षरं. हवी ती नोंद थेट उघडायची, बदलायची, आणि जुन्या शिल्लकेच्या जागेवरच नवी शिल्लक लिहायची. वेगाच्या दृष्टीने ही झेप होती. पण नवी शिल्लक लिहिली त्या क्षणी जुनी नाहीशी झाली. टेपच्या काळात मागचा दिवस फुकट मिळत होता, तो आता मुद्दाम राखून ठेवावा लागणार होता. बॅकअप हे वेगळं, स्वतंत्रपणे करायचं, आणि म्हणूनच विसरता येण्याजोगं काम झालं ते इथपासून. बॅकअपच्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण मी यालाच मानतो.

कागदाच्या काळात माणसं याबाबतीत अगदीच निष्काळजी नव्हती. लुका पाचोलीने 1494 मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात व्यापाऱ्याच्या तीन वह्या सांगितल्या आहेत: कच्ची नोंदवही, कीर्द आणि खतावणी. खतावणी हरवली तर कीर्दीवरून पुन्हा मांडता येते, हा त्या रचनेचा फार मोठा गुण आहे. आजचे डेटाबेस प्रत्येक बदलाची आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या क्रमवार नोंदवहीत, नोंद करतात आणि मोडल्यावर त्या लॉगवरून स्वतःला सावरतात, ते याच न्यायाने. पुढे जेम्स वॉटने 1780 मध्ये पत्रांची नक्कल उठवणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं, 1806 मध्ये राल्फ वेजवुडने कार्बन कागदाचं. नक्कल करणं स्वस्त होत गेलं. ती ठेवायची कुठे, हा विचार मात्र फारसा पुढे सरकला नाही.

त्याची किंमत 12 जुलै 1973 रोजी दिसली. अमेरिकेत सेंट लुइसजवळच्या राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राला आग लागली आणि माजी सैनिकांच्या 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फाइली जळाल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती. कोणकोणत्या फाइली तिथे होत्या याची पूर्ण सूचीही नव्हती, त्यामुळे काय गेलं हे सांगणंसुद्धा अवघड झालं. पुढे इतर कार्यालयांतली पगारपत्रकं आणि दवाखान्यांच्या नोंदी जुळवत एकेका माणसाची माहिती पुन्हा उभी करावी लागली, आणि ते काम दशकानुदशकं चाललं. निवृत्तिवेतनासाठी, उपचारांसाठी आपल्या सेवेचा पुरावा मागणारी माणसं त्या रांगेत होती. नोंद हरवते तेव्हा कुणाचातरी हक्क अडतो, हे या आगीइतकं ठळकपणे क्वचितच दिसलं असेल.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मोठ्या संस्थांनी पुढचा प्रश्न विचारायला सुरुवात केली: प्रत आहे, पण ती चालवायची कशावर? 1978 च्या सुमारास फिलाडेल्फियात भाड्याची पर्यायी संगणक केंद्रं उभी राहिली. आपलं केंद्र बंद पडलं तर टेपा घेऊन तिथे जायचं आणि काम सुरू करायचं. 1983 मध्ये अमेरिकेच्या बँक नियंत्रकांनी राष्ट्रीय बँकांना आपत्कालीन योजना लेखी ठेवायला सांगितलं. त्यातून दोन हिशेब पुढे आले. शेवटच्या प्रतीनंतरचं किती तासांचं काम गेलेलं परवडेल, आणि किती तास बंद राहणं परवडेल? रोज रात्री प्रत घेणाऱ्याने पूर्ण दिवसाचं काम गमावायची तयारी ठेवलेली असते, त्याने तसा विचार केला असो वा नसो.

हे सगळं बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या आवाक्यातलं होतं. आणि 1983 हेच तर पीसी एक्सटीचं वर्ष! एकीकडे बँकांना लेखी योजना सक्तीची होत होती आणि दुसरीकडे हजारो लहान कार्यालयं आपली कागदी खाती बंद करून हार्ड डिस्कवर जात होती, योजनेचा शब्दही कानावर न पडता.

पुढची वीस वर्षं लहान व्यवसायाला माणसाऐवजी उपकरणं मिळत गेली. छोट्या टेप, मग झिप डिस्क, मग घरी लिहिता येणाऱ्या सीडी. प्रत्येक वेळी जागा वाढली, पण उपकरण चालवायचं काम पुन्हा ज्याला वेळ नाही अशाच माणसाकडे राहिलं. 1988 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेड या रचनेवरचा निबंध प्रसिद्ध केला. अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडायच्या, म्हणजे एखादी मेली तरी काम थांबत नाही. रचना उत्तमच आहे, पण डिस्क मरणं या एकाच संकटावर ती उपाय आहे. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिलं जात असेल तर चूकही दोन्हीकडे एकाच वेळी लिहिली जाते. जर्नलस्पेस या ब्लॉग चालवणाऱ्या छोट्या सेवेने डिस्कच्या अशा जोडीवरच भरवसा ठेवला होता. 2008 च्या अखेरीस तिचा डेटाबेस दोन्ही डिस्कवर पुसला गेला आणि काही दिवसांतच ती बंद झाली. सहा वर्षांचं लोकांचं लिखाण गेलं.

लहान व्यवसायाला खरोखर उपयोगी पडलेला नियम एका छायाचित्रकाराने दिला. पीटर क्रो यांनी 2005 मध्ये छायाचित्रांच्या जपणुकीबद्दल लिहिताना तो मांडला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. संगणकगृहाचं शहाणपण एकट्या माणसाला झेपेल एवढ्यात बसवलेलं, हे त्याचं मोल. पुढे सरकारी सुरक्षा संस्थांनीही तोच सांगितला.

पाठोपाठ क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून वापरायची दुसऱ्याच्या संगणकावरची साठवण, आला. अॅमेझॉनची एस3 साठवण 2006 मध्ये सुरू झाली, ड्रॉपबॉक्स 2008 मध्ये खुलं झालं. प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवायची अडचण एका फटक्यात सुटली, आणि बॅकअप आपोआप होऊ लागला. रोज संध्याकाळी थांबणारा माणूस आता लागणार नाही, असं वाटण्यासारखीच ही सोय होती. मात्र ड्रॉपबॉक्ससारखी, फाइल संगणकावर आणि क्लाउडमध्ये सारखी ठेवणारी सेवा इकडे पुसलेलं तिकडेही पुसते. जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात, हे बघून ठेवल्याशिवाय तिला बॅकअप म्हणता येत नाही.

तेवढ्यात धोक्याचं रूपही बदललं. आग आणि बिघाड यांना तुमच्या प्रतीचा पत्ता माहीत नसतो. 2013 च्या सप्टेंबरात आलेल्या क्रिप्टोलॉकर या खंडणीखोर सॉफ्टवेअरला तो शोधता येत होता. संगणकावरच्या फाइली तो कुलूपबंद करी, आणि जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरच्याही. बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवणाऱ्यांचा बॅकअपही मूळ फाइलींबरोबर गेला. जून 2014 मध्ये कोड स्पेसेस या छोट्या कंपनीच्या क्लाउड खात्यात कुणीतरी घुसलं आणि खंडणी मागितली. कंपनीने खात्याचा ताबा परत मिळवायचा प्रयत्न करताच त्याने सर्व्हर, साठवण आणि बॅकअप पुसायला सुरुवात केली. बारा तासांत बहुतेक सगळं संपलं आणि कंपनीने व्यवसाय गुंडाळला. त्यांच्याकडे प्रती होत्या, पण एकाच खात्यातून पोहोचता येईल अशा. तीन-दोन-एक नियमात अंतर मैलांत मोजलं जात होतं. आता अधिकारांचं अंतरही लागणार होतं.

टेपच्या कड्याची आठवण इथे येते. 2018 मध्ये अॅमेझॉनने एस3 मध्ये ठरावीक मुदतीपर्यंत कुणालाच पुसता येणार नाही अशी साठवण सुरू केली. तिच्या कडक प्रकारात खात्याच्या मालकालाही मुदतीआधी प्रत पुसता येत नाही. इतर सेवांमध्येही अशी सोय मिळते. लहान व्यवसायांनी ही सोय आधी विचारून मगच सेवा निवडावी, एवढी मला ती महत्त्वाची वाटते.

ठिकाणाचा प्रश्नही पूर्ण मिटलेला नव्हता. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक पाच मजली इमारत संपूर्ण जळाली. काही ग्राहकांचे पैसे मोजून घेतलेले बॅकअपही त्याच आगीत गेले. सेवा विकत घेतली तरी प्रत नेमकी कोणत्या इमारतीत आहे हे विचारावं लागतं, हे अनेकांना त्या दिवशी कळलं.

एवढं होऊनही इतिहासातला एक भाग फारसा बदललेला नाही: प्रतीवरून काम परत उभं करून पाहणं. 31 जानेवारी 2017 रोजी प्रोग्रामरांचं काम साठवणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याकडून चुकून चालू डेटाबेस पुसला गेला. सुमारे 300 गिगाबाइटपैकी 4.5 उरले. मग एकेक बॅकअप तपासताना दिसलं की रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत मेळ नसल्यामुळे होतच नव्हता, आणि तो अयशस्वी झाल्याचे इमेल नाकारले जात असल्याने कुणापर्यंत पोहोचत नव्हते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका प्रतीने त्यांना वाचवलं. कंपनीने हे सगळं उघडपणे लिहून प्रसिद्ध केलं, त्याबद्दल तिचे आभारच मानायला हवेत. तज्ज्ञांनी भरलेल्या कंपनीत पाच-पाच पद्धती गाफील राहू शकतात, तर पाच माणसांच्या कार्यालयात हिरवी खूण दिसते म्हणून बॅकअप चालू आहे असं धरून चालणं फार धोक्याचं आहे. महिन्यातून एकदा एखादी जुनी फाइल परत आणून उघडायची, आणि वर्षातून एकदा कोऱ्या संगणकावर हिशेबाचं सॉफ्टवेअर चढवून कालच्या प्रतीवरून बिल काढून बघायचं. यात लागलेला वेळ लिहून ठेवला की किती तास बंद राहावं लागेल याचा खरा आकडा मिळतो.

आता लहान व्यवसायाची योजना एका पानात मावते: कोणती माहिती कुठे आहे, आधी काय सुरू करायचं, कुणाला फोन करायचा, आणि बॅकअप तपासायचं काम कोणत्या नावाच्या माणसाकडे आहे. अलीकडे या पानावर एक नवी ओळ आली आहे. बॅकअप आता कूटबद्ध, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारा, असतो, त्याचा पासवर्ड बहुधा त्याच संगणकात साठवलेला असतो आणि खात्यात शिरायचा सांकेतिक अंक मालकाच्या एकाच फोनवर येतो. संगणक आणि फोन एकत्र गेले तर क्लाउडमधली धडधाकट प्रत उघडायला कुणाकडे काहीच उरत नाही. म्हणून तो पासवर्ड आणि खातं पुन्हा मिळवण्याचे राखीव अंक कागदावर लिहून पाकिटात बंद करून कार्यालयाबाहेर ठेवायचे, आणि ते पाकीट कुठे आहे हे मालकाशिवाय आणखी एका माणसाला माहीत असायला हवं.