आयर्लंडमधील गावे आणि टाउनलँड

टाउनलँड म्हणजे आयर्लंडमधील जमिनीचा, स्वतःचे नाव असलेला सर्वांत लहान अधिकृत विभाग. संपूर्ण बेटावर असे सुमारे ६१,००० टाउनलँड असून त्यांचे सरासरी क्षेत्र सव्वातीनशे एकरांच्या आसपास भरते. नावात ‘टाउन’ असले तरी तेथे शहर असते असे नाही; पुष्कळदा धड वस्तीही नसते. थोडे कुरण, थोडी दलदल, एखादा ओढा आणि दगडी बांध, एवढ्यालाच मिळून एक नाव असते. ‘गाव’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मधोमध पांढरी आणि भोवती काळी उभी राहते. आयर्लंडमध्ये क्रम वेगळा आहे. तेथे आधी शिवाराला नाव मिळाले आणि गाव बहुतेक ठिकाणी मागाहून, आणि बरेचदा बाहेरच्या माणसांनी वसवले. हे ध्यानात घेतल्याशिवाय आयरिश गावांचा इतिहास नीट उलगडत नाही.

अनेक टाउनलँड मिळून एक सिव्हिल पॅरिश, पॅरिश मिळून बॅरनी आणि बॅरनी मिळून काउंटी, अशी परंपरागत उतरंड आहे. काउंटी ३२ आणि प्रांत चार: अल्स्टर, लेन्स्टर, मन्स्टर व कॉनॉट. यांपैकी बॅरनी आज व्यवहारात उरलेली नाही. टाउनलँड मात्र जमिनीच्या दस्तऐवजांत आणि लोकांच्या तोंडी टिकून आहे.

टाउनलँडांची मुळे नॉर्मन लोक इंग्लंडकडून येण्यापूर्वीच्या गेलिक, म्हणजे मूळ आयरिशभाषक समाजाच्या व्यवस्थेत आहेत. जमीन तेव्हा लांबीरुंदीने मोजत नसत, ती किती गुरे पोसेल यावर तिचे माप ठरे. त्यामुळे सकस जमिनीतला टाउनलँड लहान आणि पश्चिमेकडच्या खडकाळ, दलदलीच्या मुलखातला मोठा. मेयो काउंटीतील शेस्किन हा टाउनलँड ७,००० एकरांहून मोठा आहे. जुनी मापे नावांतच मुरलेली आढळतात. ‘कॅरो’ने सुरू होणाऱ्या नावांतला ‘कॅरो’ म्हणजे चौथाई. कॅरोमोर म्हणजे मोठी चौथाई.

नावे हा या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. ‘बॅली’ हे आयरिश ‘बाल्ये’ या शब्दाचे इंग्रजी वळण असून त्याचा अर्थ ठिकाण, वस्ती, घरवाडा असा काहीसा सैल आहे. ‘नॉक’ म्हणजे टेकडी, ‘ड्रम’ म्हणजे पाठीसारखा उंचवटा, ‘क्लॉन’ म्हणजे पाणथळीतले कुरण, ‘अ‍ॅथ’ म्हणजे नदीचा उतार, पायी नदी ओलांडण्याची जागा. शॅनन नदीवरचे अ‍ॅथलोन अशाच उतारावर वसले. ‘रा’ आणि ‘लिस’ ही गोल मातीच्या तटांची नावे. ‘किल’ मात्र फसवे आहे. आयरिशमध्ये चर्चसाठी एक शब्द आणि रानासाठी दुसरा, पण इंग्रजीत दोन्हींचे ‘किल’ झाले. किल्डेअर म्हणजे ओक वृक्षाचे चर्च. इतरत्र एखाद्या किलमध्ये चर्च आहे की रान, हे जुने कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पुष्कळ नावे कुळांची आहेत, उदाहरणार्थ बॅलीमर्फी. आपल्याकडे गाव माणसाला आडनाव देते. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे घराणे मालवण तालुक्यातील वराडचे, म्हणून ते वराडकर. आयर्लंडमध्ये बहुधा उलटे घडले: कुळाचे नाव जमिनीला चिकटले आणि कूळ परागंदा झाले तरी ते तिथेच राहिले.

गेलिक आयर्लंडमध्ये दाट वस्तीची गावे जवळपास नव्हती. लोक गोल तटाच्या आत एकेकट्या घरवाड्यांत राहत. असे सुमारे ४५,००० तट आजही शेतांतून ओळखू येतात. गर्दी जमे ती ख्रिस्ती मठांभोवती. मीथ काउंटीतील केल्स हे याचे चांगले उदाहरण. नवव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरील भिक्षू व्हायकिंगांच्या, म्हणजे स्कँडिनेव्हियातील दर्यावर्दी लुटारूंच्या, धाडींना कंटाळून येथे आले. मठ कधीच गेला. परंतु केल्सचे रस्ते अजून वळणावळणाने जातात, कारण ते मठाच्या गोल आवाराच्या कडेने पडलेले आहेत. गोल मनोरा आणि कोरीव दगडी क्रूस पाहायला लोक थांबतात, पण पायाखालचा वाकडा रस्ताही तेवढाच जुना साक्षीदार आहे.

खऱ्या अर्थाने बंदरे वसवली ती व्हायकिंगांनी. डब्लिनचा तळ ८४१ सालचा. वॉटरफर्ड, वेक्सफर्ड, कॉर्क, लिमरिक ही मागोमागची. ‘डब्लिन’ हे नाव आयरिशच, ‘काळा डोह’ या अर्थाचे. पण शहराचे आजचे आयरिश नाव दुसरेच आहे आणि त्याचा अर्थ ‘विणलेल्या ताट्यांच्या उताराचे ठिकाण’ असा होतो. ११६९ पासून नॉर्मन आले. त्यांनी किल्ला, तटबंदी, बाजाराचा हक्क आणि रस्त्याला तोंड करून अरुंद, लांबट भूखंड ही घडण आणली. टिपरेरीतील फेदर्ड आणि गॉलवेतील अ‍ॅथनराय येथे तटाचा बराच भाग उभा आहे. किल्केनीत इंग्रजांची वस्ती आणि ‘आयरिशटाउन’ शेजारी शेजारी, पण वेगवेगळ्या होत्या. १७ व्या शतकात अल्स्टरमध्ये इंग्रज व स्कॉटिश वसाहतकार आणून बसवले गेले. डेरीचा तट त्या काळचा. मधोमध ‘डायमंड’ नावाचा चौक ही त्या नगरांची खूण.

आज पर्यटकाला ‘टिपिकल आयरिश’ वाटणारे गाव, म्हणजे रुंद मुख्य रस्ता आणि दोन्ही बाजूंना रंगीत दुकाने, हे बहुतांशी १८ व्या शतकातील जमीनदारांचे काम आहे. मेयोतील वेस्टपोर्ट त्यांनी आखून बसवले. कॅरोबेग ओढा सरळ करून दोन्ही काठांना झाडे लावली आणि वर अष्टकोनी बाजारचौक केला. रॉसकॉमनमधील स्ट्रोक्सटाउनचा प्रशस्त रस्ता थेट वाड्याच्या कमानीपाशी संपतो. गाव कोणासाठी होते ते तेथे उभे राहिले की कळते. अशा गावांत मोक्याच्या जागी प्रॉटेस्टंट चर्च असते, तर बहुसंख्यांचे कॅथलिक चर्च कडेला. कारण कॅथलिकांवरील निर्बंध १९ व्या शतकापर्यंत पूर्ण उठले नाहीत, आणि तोवर मधली जागा भरून गेली होती.

गरीब कुळांची वस्ती याहून वेगळी होती. पश्चिमेकडे ‘क्लाखान’ नावाचे घरांचे दाट, आडवेतिडवे पुंजके असत आणि जमीन ‘रनडेल’ पद्धतीने पट्ट्यापट्ट्यांत वाटून सामाईक कसली जाई. १८४५ च्या बटाट्याच्या रोगाने आणि त्यानंतरच्या दुष्काळाने हे जग मोडले. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८१ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाख ५० हजारांवर आली. दहा लाखांच्या आसपास माणसे मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. स्ट्रोक्सटाउनच्या त्याच जमीनदारीतून १८४७ मध्ये १,४९० माणसे जहाजांनी रवाना केली गेली. अ‍ॅकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी एका ओसाड वस्तीच्या ऐंशीहून अधिक घरांच्या भिंती उभ्या आहेत. छप्पर कुठेच नाही. वर जुन्या वाफ्यांचे उंचसखल पट्टे गवताखालून अजून दिसतात.

दुष्काळाच्या आधीच्या दोन दशकांत, १८२४ पासून, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारच्या नकाशे करणाऱ्या खात्याने सगळे बेट एका मैलाला सहा इंच या प्रमाणात मोजले. प्रमुख थॉमस कोल्बी. त्याने बनवलेल्या, तापमानाने लांबी न बदलणाऱ्या मोजपट्ट्या पाहायला भारताच्या भूमापनाचे काम पाहणारा जॉर्ज एव्हरेस्ट १८२९ मध्ये आयर्लंडला गेला आणि तशाच पट्ट्या भारतात घेऊन आला. हिंगणघाट येथे १८२३ मध्ये मरण पावलेल्या विल्यम लॅम्बटन या त्याच्या पूर्वसूरीचे अपुरे काम त्याने त्यांच्या साहाय्याने पुढे नेले. आयर्लंडमध्ये नावांचे काम जॉन ओडोनोव्हन या विद्वानाकडे होते. तो काउंटीकाउंटीतून हिंडला, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून उच्चार ऐकले आणि प्रत्येक नावाची निरनिराळी रूपे नामवह्यांत नोंदवली. नकाशावर मात्र इंग्रजी स्पेलिंग छापले गेले. मलिंगर या नावाचा अर्थ ‘डावरी गिरणी’ असा होतो. इंग्रजी रूपात तो बुजून गेला आहे. तरीही ओडोनोव्हनच्या वह्या नसत्या तर हजारो अर्थ कायमचे हरवले असते, आणि त्याचे हे ऋण मोठे आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास किंग्जटाउनचे डन लीअरी आणि क्वीन्सटाउनचे कोव्ह झाले. अलीकडचा वाद केरीतील डिंगलचा. २००५ मध्ये सरकारने आयरिशभाषक भागातील इंग्रजी नावांचा अधिकृत दर्जा काढला. डिंगलच्या रहिवाशांनी पुढच्याच वर्षी कौल देऊन दोन्ही नावे मागितली आणि २०११ च्या कायद्याने ‘डिंगल’ परत मिळाले.

खेड्यांत घरांना क्रमांक व रस्त्यांना नावे नसल्याने टाउनलँड हाच पत्ता असे. २०१५ मध्ये आयरकोड ही पिनकोडसारखी पद्धत आयर्लंडच्या प्रजासत्ताकात, म्हणजे बेटाच्या स्वतंत्र भागात, आली. त्याआधी देशातील एक तृतीयांशाहून अधिक पत्ते दुसऱ्या कोणत्यातरी घराशी जुळत. पोस्टमन आडनावांवरून आणि ओळखीवरून पत्र पोहोचवी. ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये १९७० च्या दशकात टपाल खात्याने टाउनलँडऐवजी रस्त्यांची नावे आणि घरक्रमांक लागू केले. लोकांनी याला विरोध केला. फर्मॅना काउंटीने नकार दिला, आणि तेथे टाउनलँडची नावे पत्त्यांत तशीच राहिली.