जिवाणूंतील परकीय जनुकांची अभिव्यक्ती

दुसऱ्या जातीच्या सजीवाचे जनुक पेशीत आल्यावर जिवाणूने त्याबरहुकूम प्रथिन तयार करणे, म्हणजे परकीय जनुकाची अभिव्यक्ती. जनुक आत शिरणे आणि ते बोलते होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठ्यपुस्तके पहिल्या गोष्टीवर पानेच्या पाने खर्च करतात; घोळ होतो तो दुसऱ्या ठिकाणी.

मुंबईतल्या कॉलेजांत सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला साजेसा एक प्रयोग हा फरक डोळ्यांना दाखवतो. जेलीफिशच्या हिरव्या चकाकणाऱ्या प्रथिनाचे जनुक आणि अँपिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देण्याचे जनुक असलेले प्लाझ्मिड (डीएनएचे छोटे वर्तुळ) आणि ई. कोलाय हे जिवाणू बर्फात ठेवायचे, नळी मिनिटभर ४२ अंशांच्या पाण्यात धरायची, परत बर्फात. मग अँपिसिलिन घातलेल्या दोन प्लेटांवर पसरायचे; एकीत अरॅबिनोज साखर, दुसरीत नाही. दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या वसाहती दोन्हींत दिसतात; प्लाझ्मिडवाचून अँपिसिलिनमध्ये ते जगले नसते, म्हणजे प्लाझ्मिड दोन्हीकडे पोचले. अतिनील दिव्याखाली मात्र साखरेचीच प्लेट हिरवी उजळते, कारण या प्लाझ्मिडवरचा प्रवर्तक, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, अरॅबिनोज मिळाल्यावरच चालू होतो.

जनुकसंकेत माणसापासून जिवाणूपर्यंत जवळपास एकच असल्याने मजकूर वाचता येतो. अडते ते वाचन कुठून सुरू करायचे यावर. ई. कोलायचे आरएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनएवरून आरएनए उतरवणारे एंझाइम, सामान्यतः आरंभबिंदूच्या सुमारे १० आणि ३५ जागा अलीकडचे ठरावीक क्रम हुडकते. माणसाच्या जनुकापुढे ते नसतात. प्रथिन घडवणाऱ्या रायबोसोमला आरएनएवर बसायला लागणारा शाइन-डालगार्नो क्रमही नसतो. शिवाय माणसाच्या बहुतेक जनुकांत मध्ये मध्ये इंट्रॉन, म्हणजे प्रथिनाचा संकेत नसलेले तुकडे, असतात आणि ते छाटण्याची यंत्रणा जिवाणूकडे नाही. म्हणून इंट्रॉन छाटलेल्या संदेशक आरएनएवरून उलट घडवलेला किंवा कृत्रिम डीएनए घेऊन तो जिवाणूच्या प्रवर्तकाला जोडतात. आर्जिनिन या अमिनो आम्लाचे एजीए, एजीजी हे तीन अक्षरी संकेत ई. कोलायमध्ये क्वचित वापरले जातात. तेच वारंवार आले की भाषांतर, म्हणजे आरएनएवरून प्रथिन घडवणे, रखडते.

१९७७ मध्ये सोमॅटोस्टॅटिन हे अवघ्या १४ अमिनो आम्लांचे मानवी संप्रेरक ई. कोलायमध्ये तयार झाले. एवढासा तुकडा पेशीतली एंझाइमे लगेच फस्त करत. तो बीटा-गॅलॅक्टोसिडेज या थोरल्या प्रथिनाच्या शेपटीला जोडला, तेव्हा टिकला. नंतर सायनोजेन ब्रोमाइड या रसायनाने तोडून वेगळा केला. पुढच्या वर्षी इन्सुलिनच्या २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या बनवून जुळवल्या. या इन्सुलिनला १९८२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. तरी सगळे जमत नाही: प्रथिनावर माणसासारख्या शर्करासाखळ्या चढवणे ई. कोलायला येत नाही, आणि घाईने बनलेले प्रथिन कित्येकदा नीट न घडी पडता गोळा होऊन बसते. मग तापमान उतरवून जिवाणूला सावकाश काम करू देतात.

यजमान ई. कोलायच असावा असे नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी साल्मोनेला या जिवाणूच्या फॉस्फेटेज एंझाइमचे जनुक डायनोकॉकस रेडिओड्युरन्स या किरणोत्सर्ग सोसणाऱ्या जिवाणूत घातले आणि ते काम २००६ मध्ये प्रसिद्ध केले. ई. कोलायचे प्रवर्तक डायनोकॉकसमध्ये सहसा चालत नाहीत, म्हणून त्याच्याच एका जनुकाचा प्रवर्तक जोडला. फॉस्फेटेज सेंद्रिय फॉस्फेटपासून फॉस्फेट मोकळे करते आणि त्याच्याशी बांधला जाऊन द्रावणातला युरेनियम साक्याच्या रूपात खाली बसतो. ६ किलोग्रे (ग्रे हे किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) एवढा गॅमा किरणांचा मारा सोसूनही या जिवाणूचे हे काम थांबले नाही.