गोड्या पाण्याचा धंदा सोलापुरात कसा आला

सोलापूरला समुद्र नाही. तरी समुद्राचं पाणी गोडं करणारं तंत्र इथे गल्लोगल्ली वीस लिटरच्या जारमागे उभं आहे. या उद्योगातल्या बड्या अधिकाऱ्यांच्या कारकिर्दी वाचल्या की चेन्नई, आखात अशीच नावं येतात. यात आपलं काय, असं वाटून जातं. पण या तंत्राचा पहिला मोठा उपयोग समुद्रापासून दूरच झाला.

1950च्या दशकात फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा मीठ अडवतो. अडचण वेगाची होती, पाणी थेंबथेंब यायचं. दशक संपतासंपता कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरीराजन यांनी वर अगदी पातळ घट्ट साल आणि खाली जाळीदार थर, असा पापुद्रा घडवला. प्रवाह कित्येक पटींनी वाढला. 1965 मध्ये त्याच राज्यातल्या कोलिंगा गावात असा आरओ प्रकल्प, म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिसचा, दाब देऊन पाणी पापुद्र्यातून ढकलणारा, उभा राहिला. हे आतल्या भागातलं, मचूळ भूजलाचं गाव. एके काळी तिथे पिण्याचं पाणी रेल्वेने यायचं. मिरजेहून लातूरला निघालेली 2016 ची पाण्याची गाडी ज्यांना आठवते, त्यांना कोलिंगा परकं वाटू नये.

समुद्राचा नंबर नंतर लागला, कारण लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असलेल्या पाण्याला 55 ते 70 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण तितक्याच पट, दाब लागतो. मचूळ पाण्याचं काम त्याच्या अंशावर भागतं. पुढे 1970च्या दशकात जॉन कॅडोट यांनी पॉलिअमाइडचा पापुद्रा (मेंब्रेन) आणला आणि मोठे प्रकल्प परवडू लागले.

याच लाटेवर राजीव मित्तल यांच्यासारख्यांची कारकीर्द उभी राहिली. त्यांची वाबाग ही पाणी शुद्ध करणारे प्रकल्प उभारणारी, मूळची 1924 ची, तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊची कंपनी. 1995 मध्ये तिची भारतीय शाखा झाली. 2005 मध्ये सीमेन्सने मूळ समूह घेतला, तेव्हा इथल्या व्यवस्थापनाने भारतीय कंपनी स्वतःकडे घेतली आणि 2007 मध्ये ऑस्ट्रियातली मूळ कंपनीच विकत घेतली. लेकीने आईला दत्तक घ्यावं, तसं. चेन्नईजवळच्या नेम्मेलीला तिने इस्रायली भागीदारासोबत उभारलेला, समुद्रातून रोज 10 कोटी लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प 2013 मध्ये सुरू झाला.

सोलापूरचं दुखणं वेगळं. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत. तिथून शंभरेक किलोमीटरच्या पाइपलाइनने पाणी येतं आणि नळ काही दिवसांआड वाहतो. मधले दिवस बोअरचे. बेसॉल्टमधलं ते जड पाणी घशाखाली उतरत नाही, मग जार.

नेम्मेलीत मागे उरणारं अतिखारट पाणी समुद्रात जातं. आपल्याकडे? घरगुती आरओ एका लिटरमागे साधारण तीन लिटर फेकतो. एका लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये केंद्राला सांगितलं, ते या नासाडीमुळेच. जास्त क्षारांच्या बोअरला ही मर्यादा लागू नव्हती. त्या पाण्यातून काढलेले क्षार गटारीत जातात, आणि वाटेत जेवढं मुरेल तेवढं पुन्हा त्याच जमिनीत, जिथून उद्या बोअर ओढणार आहे.