तळीला टाळी ऐकू जाते का?

‘जोरात वाजव गो टाळी, मग बघ कसे येतात!’ नेत्रावळीच्या गोपीनाथ देवळाशेजारच्या तळीवर एक आजी नातीला सांगत होत्या. नातीने टाळी वाजवली. हिरवट पाण्यात तळाच्या एकाच जागेवरून बुडबुड्यांची माळ सरळ वर आली आणि पृष्ठभागावर फुटली. पोर खूश, आजीही खूश.

ही ‘बुडबुड्यांची तळी’ गोव्यातल्या सांगे तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत आहे. रिवण गाव मागे पडलं की कुळागरं, म्हणजे माड-पोफळीच्या बागा, लागतात आणि त्यांच्यामागे डोंगर. १९९९ साली अभयारण्य झालेलं हे रान सुमारे २११ चौरस किलोमीटरचं आहे आणि जुवारीला मिळणारी नेत्रावळी नदी इथेच उगम पावते. अशा खोऱ्यात पावसाळ्यात डोंगरावर मुरलेलं पाणी पायथ्याशी झर होऊन बाहेर पडतं. भर उन्हाळ्यातही कुळागरं हिरवी राहतात ती त्याच जोरावर.

आता बुडबुडे. कुणी मिथेन म्हणतं, कुणी कार्बन डायऑक्साइड, कुणी गंधक. गंधकाची परीक्षा नाकच करतं: हायड्रोजन सल्फाइड हा गंधकाचा वायू अगदी किंचित असला तरी कुजक्या अंड्यांचा वास येतो. उरलेल्या दोघांत कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिथेनपेक्षा वीसपटीहून जास्त विरघळतो. चुन्याच्या निवळीत सोडला तर निवळी दुधाळ होते, मिथेनने होत नाही. शाळेतला प्रयोग आहे, पण इथे बाटली उलटी धरून वायू गोळा करणारं कुणी दिसलं नाही. सगळे टाळ्याच वाजवत होते.

आणि टाळीचाच हिशोब जमत नाही. हवेतून आलेला आवाज पाण्यावर आदळला की जवळजवळ सगळा परत फिरतो, त्याच्या ऊर्जेचा हजारातला जेमतेम एक भाग आत शिरतो. चिखलात अडकलेल्या वायूला हलवायला एवढ्याशा धक्क्याचा काय उपयोग? वायू साठत जातो, त्याचा तरंगण्याचा जोर चिखलाच्या पकडीपेक्षा वाढला की बुडबुडा सुटतो. असं थांबून थांबून होत असल्यामुळे कोणत्याही टाळीनंतर थोड्या वेळात बुडबुडा येणारच, आणि श्रेय टाळीला जाणार. खरा फरक पडतो तो हवेचा दाब उतरल्याने. वादळी हवेत तळ्यांच्या गाळातून जास्त वायू सुटतो, हे शास्त्रज्ञांनी जगभर मोजलेलं आहे.

तरी आजींना अगदीच खोटं पाडवत नाही. टाळ्या वाजवताना पोरं पायऱ्यांवर उड्याही मारतात, आणि दगडातला हादरा पाण्यात सहज उतरतो. हवेतल्या आवाजासारखा तो दारातून परत जात नाही.

थोड्या वेळाने नात टाळ्यांना कंटाळली. पाय पाण्यात सोडून बसली, आणि बारीक मासे येऊन टाचा कुरतडू लागले तशी हसायला लागली. आजी पिशवी आवरत होत्या. समोर बुडबुड्यांची माळ पुन्हा वर येत होती.