पोकलेनच्या दोन तारा आणि साठ ओहम

जतकडे शेततळ्याचं काम चालू आहे. वीस टनी सेकंडहँड पोकलेन सकाळपासून नीट चाललेली असते. दुपारी अचानक इंजिनाचा जोर उतरतो, मॉनिटरवर एकामागून एक बिघाडाचे कोड येतात, जॉयस्टिक ओढली तरी बूम, म्हणजे मशीनचा मोठा हात, हलत नाही. ऑपरेटर किल्ली बंद करतो, थोडं थांबून पुन्हा चालू करतो आणि मशीन काहीच घडलं नाही अशी कामाला लागते. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग कुणीतरी ठामपणे सांगतो, 'बोर्ड गेलाय, बदलून टाका.' नवा बोर्ड म्हणजे मोठा खर्च. आणि अशा वेळी दोष बऱ्याचदा बोर्डात नसतोच. तो असतो बोर्डांना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन तारांमध्ये.

आजच्या पोकलेनमध्ये इंजिनाला एक कंट्रोलर (म्हणजेच 'बोर्ड') असतो, हायड्रॉलिक पंपाला दुसरा, केबिनमधला मॉनिटर तिसरा. पंपावर लोड आला की पंपाचा कंट्रोलर इंजिनाकडे ताकद मागतो आणि इंजिन आपलं तापमान, आरपीएम सगळ्यांना कळवत राहतं. प्रत्येक निरोपाला वेगळी वायर टाकायची तर हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, मनगटाएवढा जाड होईल. जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये जगापुढे 'कॅन बस' मांडली. सगळे कंट्रोलर एकाच जोडतारेवर बोलतात आणि सगळे सगळ्यांचं ऐकतात. अवजड वाहनांसाठी त्यावर 'जे-१९३९' ही नियमावली आली. तिच्यात नेहमीचा वेग सेकंदाला अडीच लाख बिट (एक बिट म्हणजे एक 'शून्य' किंवा एक 'एक'), म्हणजे एका बिटाला चार मायक्रोसेकंद.

यातली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट म्हणजे व्होल्टेजची मांडणी. तारांवर शांतता असते तेव्हा दोन्हींवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. 'शून्य' पाठवायचा झाला की एक तार साडेतीनपर्यंत चढते आणि दुसरी दीडपर्यंत उतरते. ऐकणारा कंट्रोलर फक्त दोघींमधला फरक बघतो. अल्टरनेटर, सोलेनॉइड, स्टार्टर यांचा विजेचा गोंगाट आला तरी तारा एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असल्याने तो दोघींवर जवळजवळ सारखाच चढतो आणि फरकात उरत नाही. म्हणून रस्त्याकडेला बसून ही वायर जोडताना पीळ सोडून लांबच लांब सरळ तुकडा घालणं वाईट.

जोडतारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा रोध, असतो. विहिरीत हाक मारली की भिंतीवर आपटून आवाज परत येतो, तसा सिग्नल उघड्या टोकावरून परत फिरतो आणि मागून येणाऱ्या बिटांत मिसळतो. रेझिस्टर तो टोकालाच जिरवतो. दोन्ही रेझिस्टर समांतर जोडलेले असल्यामुळे मीटरला ते मिळून ६० ओहम दिसतात. जुन्या मशीनची तपासणी मी याच आकड्यापासून सुरू करावी असं म्हणेन, कारण त्याला लॅपटॉप लागत नाही. साधा मल्टिमीटर पुरतो.

बॅटरीचा मेन स्विच बंद करायचा. केबिनमध्ये बहुधा नऊ पिनांचं गोल सॉकेट असतं. त्यातल्या सी आणि डी या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजायचा. साठच्या आसपास आला तर रस्ता टोकापासून टोकापर्यंत जोडलेला आहे. १२० आला तर एक रेझिस्टर तरी गेलाय किंवा वाटेत कुठे तार तुटलीय. चाळीस आला तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवलाय. आधीच्या मालकाने लावलेल्या जीपीएस ट्रॅकरच्या पोटात तो सापडू शकतो. शून्याजवळ आला तर दोन्ही तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. दोष शोधायला मधला कपलर, म्हणजे दोन वायरिंग जोडणारा पिनांचा जोड, काढून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायच्या. प्रत्येकीवर १२० यायला हवेत, ज्या बाजूला येत नाहीत तिकडे शोध. पण वायरिंगचा नकाशा आधी मिळवा. काही मशीनमध्ये टोकाचा रेझिस्टर कंट्रोलरच्या आतच असतो, तर काहींत दोन-दोन कॅन बस असतात.

मग किल्ली चालू करून प्रत्येक तारेचं व्होल्टेज चेसिसशी मोजायचं. एक अडीचच्या जरा वर, दुसरी जरा खाली, बेरीज पाचच्या जवळपास. एखादी तार २४ व्होल्टकडे गेली असेल तर ती कुठेतरी सप्लायला घासतेय. शून्याला बसली असेल तर चेसिसला लागलीय. त्याआधी बॅटरीची टोकं आणि अर्थची पट्टी घट्ट आहे ना, हे बघायला कंटाळू नका.

किल्ली फिरवल्यावर मशीन 'बरी' होते, त्याचं कारणही या व्यवस्थेतच आहे. प्रत्येक कंट्रोलर स्वतःच्या चुका मोजतो. पाठवलेला निरोप फसला की मोजणी आठने वाढते, नीट गेला की एकने उतरते. आकडा २५५ च्या पुढे गेला की तो स्वतःहून तारेवरून बाजूला होतो, म्हणजे इतरांचं बोलणं बिघडत नाही. किल्ली बंद-चालू केली की मोजणी पुन्हा शून्यावर येते. मूळ दोष तिथेच असतो, म्हणून दोन दिवसांनी तो परत येतो.

तो दोष बहुतेकदा असा दिसतो. सीटमागचा कपलर उघडा आणि टॉर्च धरा. कथील चढवलेल्या पिनेवर, जिथे ती समोरच्या पिनेला टेकते, तिथे एक बारीक काळा डाग असतो. काळ्या पाषाणावर ब्रेकर, म्हणजे दगड फोडणारा हातोडा, चालतो तेव्हा पिना केसाहूनही कमी अंतरात सतत घासतात. कथिलाचा वरचा थर सोलतो, उघडा पडलेला थर हवेने गंजतो, तोही सोलतो, आणि त्याची पूड तिथेच साठते. ही पूड वीज नीट वाहू देत नाही. कपलर काढून परत दाबून बसवला की पूड पुसली जाते आणि मशीन चालू होते. बोर्ड बदलणाराही कपलर काढतोच. त्यामुळे काही महिने सगळं ठीक चालतं आणि नव्या बोर्डाला श्रेय मिळतं, जुना चांगला बोर्ड मात्र भंगारात जातो. बोर्ड बदलण्याआधी फक्त कपलर साफ करून, पिना घट्ट करून मशीन चालवून बघावी, असं मी आग्रहाने सांगतो.

पाटण, महाबळेश्वर बाजूला पावसाळ्यात राबलेल्या मशीनमध्ये डाग हिरवा असतो. सील फाटलेल्या कपलरमध्ये पाणी शिरतं, सतत २४ व्होल्ट असलेल्या पिनेचं तांबं त्यात विरघळत जातं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीकडे पाण्याखाली गेलेलं मशीन बाहेरून रंगवून विकायला येऊ शकतं, पण कपलरच्या आत साठलेली गाळाची बारीक रेघ रंगाने झाकत नाही. वेल्डिंगचंही तेच. बकेटचे दात वेल्ड करताना अर्थ क्लॅम्प लांब कुठेतरी लावला, बॅटरी तोडली नाही, तर करंट आपला रस्ता हार्नेसमधून शोधतो. असा मार बसलेला बोर्ड मात्र खरोखरच खराब झालेला असू शकतो.

कोड वाचण्याचीही एक रीत आहे. सगळे कंट्रोलर मिळून एकाच्याच नावाने 'निरोप येत नाही' म्हणत असतील, तर त्या एकाचा सप्लाय, अर्थ आणि कपलर आधी बघायचा. प्रत्येक जण प्रत्येकाच्या नावाने ओरडत असेल तर दोष तारेत. हे कळण्यासाठी कोड पुसण्याआधी मोबाईलवर त्यांचा फोटो काढून ठेवायचा, कारण कुठला कोड आधी आला हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

खरेदीच्या वेळी थंड मशीनवर मोजून थांबू नका. तास-दोन तास ब्रेकर चालवून घ्या, मग स्विच बंद करून तेच साठ ओहम पुन्हा मोजा, आणि मोजत असताना दुसऱ्याला हार्नेस हातात धरून हलवायला सांगा. आकडा उड्या मारू लागला की हात जिथे आहे तिथला कपलर उघडा.